गॉब्लिनचा सतरा आणि कच्चं लिंबू

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. कर्वेनगरला दर शनिवारी तुमचा डाव बसतो. तुम्ही डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारे आणि निकाल देणारे, समोर एकेक पात्र चालवणारे पाच जण, डंजन्स अँड ड्रॅगन्स या गोष्टीच्या आणि फाशांच्या खेळाची पाचवी आवृत्ती, कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठका चालणारी लांब गोष्ट, नुकतंच सुरू झालेलं. पहिल्याच गुहेत एकीची जादूगार बेशुद्ध पडली. एक डेथ सेव्ह, म्हणजे बेशुद्ध पात्र जगतं की मरतं हे ठरवणारा फासा, चुकला; असे तीन चुकले की पात्र मेलं. मग गॉब्लिन नावाच्या खुज्या राक्षसानं पडलेल्या तिच्यावर वार केला. तुम्ही डीएमच्या पडद्याआड वीस बाजूंचे दोन फासे टाकले, एक ११ पडला, एक १७. वार लागायला एवढे पुरे होते, पण तुम्ही म्हणालात, ‘हुकला.’ पात्र वाचलं, पण ते चालवणाऱ्या मैत्रिणीला कळलं, आणि त्यानंतरचे दोन शनिवार ती मोबाइलमध्ये डोकं घालून बसली आहे. वर आणखी एकजण दर पाच मिनिटांनी पुस्तक उघडून तुमची चूक दाखवतो. तेव्हा नियम किती पाळायचे आणि गोष्टीसाठी किती वाकवायचे?

गेली चौदा वर्षं मी पुण्यात डाव चालवतोय. वाड्याच्या माडीवर चालवले, हॉस्टेलच्या खोलीत चालवले, आता स्वतःच्या डायनिंग टेबलावर चालवतो. तुम्ही केलंत ते मीही केलंय, आणि तुमच्यापेक्षा वाईट प्रकारे केलंय. ते पुढे सांगतोच. माझं उत्तर एवढंच आहे: गोष्टीसाठी जे काही करायचं ते फासा हातातून सुटायच्या आधी करा. सुटला की तो म्हणेल ते झालं.

तुमच्याच गुहेत परत जाऊ या. बेशुद्ध माणसावर पाच फुटांच्या आतून वार लागला की तो आपोआप क्रिटिकल, म्हणजे जबर, धरला जातो, आणि अशा वारानं दोन डेथ सेव्ह चुकल्यासारखे होतात. एक आधीचा, दोन हे. म्हणजे वार लागला असता तर ती मेलीच असती, इथपर्यंत तुमचं गणित बरोबर. पण तो गॉब्लिन पडलेल्या पोरीला का भोसकत होता? समोर तुमचा फायटर तलवार घेऊन उभा होता ना? गॉब्लिन म्हणजे भित्रं, लोभी, चोरटं जनावर. पडलेल्या माणसाजवळ तो वाकेल तो तिची पिशवी ओढायला. पिशवी घेऊन गुहेच्या आतल्या अंगाला पळाला असता तर? मंत्रांची वही त्याच्याकडे, ती जमिनीवर, आणि बाकीच्या चौघांपुढे प्रश्न: हिला शुद्धीवर आणायचं की त्याच्यामागे धावायचं?

गॉब्लिन काय करतो हे ठरवायला कुठलाही फासा लागत नाही. तो निर्णय पूर्ण तुमचा. तिथे तुम्हाला हवी तेवढी गोष्ट होती. ती संधी तुम्ही सोडलीत, सवयीनं ‘हा हल्ला करतो’ म्हणालात, आणि मग चूक निस्तरायला १७ खाल्लात.

दुसरं असं की नियमांनी तिला तितकं मारलंच नव्हतं. पहिल्या पातळीच्या जादूगाराचे आठेक हिट पॉइंट, म्हणजे जिवाचे गुण, असतात. गॉब्लिनचा साधा वार सरासरी साडेपाचाचा, त्यामुळे ती पडणार हे धरूनच चालायचं. पण पडणं म्हणजे मरणं नाही. डेथ सेव्हमध्ये १० किंवा वर पडलं की जमलं, तीन जमले की माणूस स्थिर होतो. एकही चुकलेला नसताना, कुणी मदतीला आलं नाही तरी वाचायची शक्यता ६० टक्क्यांच्या आसपास असते, आणि तिच्याजवळ तर चार मित्र होते. नियम करणाऱ्यांनी पडणं आणि मरणं यांच्यामध्ये ही फट मुद्दाम ठेवली आहे. टेबलावरचे सगळे खुर्चीच्या टोकाला येऊन बसतात ते त्याच फटीत.

आता तिला कसं कळलं, ते. तुम्ही लिहिलंय की ‘बहुतेक चेहऱ्यावरून कळलं असावं’. चेहरा राहू द्या. पडलेल्यावर वार म्हणजे गॉब्लिनला ॲडव्हान्टेज, दोन फाशांतला मोठा धरायचा. दोन फासे पडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. तिचा आर्मर क्लास, म्हणजे वार लागायला गाठायचा आकडा, १२, गॉब्लिनच्या फाशात अधिक चार, म्हणजे त्याला ८ पडले तरी पुरे. दोन्ही फासे ७ किंवा खाली पडायची शक्यता साधारण आठात एक. तिनं टक्केवारी काढली नसेल, पण इतके दिवस खेळल्यावर अंगात एक अंदाज येतो, गाडी न बघता आवाजावरून पीएमपीची बस आली हे कळतं तसा. तिला ते जमून आलेलं वाटलं, आणि जमवलं कुणी हेही तिला माहीत होतं.

ती रागावली नसेल. तुम्ही तिला कच्चं लिंबू केलंत. लहानपणी कुणाच्या तरी धाकट्या भावाला खेळायला घ्यावंच लागायचं, तो आऊट झाला तरी आऊट नसायचा, पकडला तरी पकडलेला नसायचा. सुरुवातीला त्याला मजा वाटायची. आठवड्याभरात तोच पायऱ्यांवर जाऊन बसायचा, कारण त्याच्या धावण्याला काही अर्थच नव्हता. तुमची मैत्रीण मोबाइलमध्ये बसली आहे ती त्याच पायरीवर.

माझी गोष्ट सांगायची राहिली. बऱ्याच वर्षांपूर्वी नारायण पेठेतल्या एका वाड्यात आमचा डाव बसायचा. पावसाळा होता, कौलं गळायची, नकाशावर वाटी ठेवून आम्ही खेळायचो. आठ महिने चाललेल्या कॅम्पेनचा शेवटचा खलनायक, एक मेलेला राजा, मी अगदी प्रेमानं तयार केला होता. त्याच्यासाठी तीन भाषणं लिहिली होती. पोरांनी दुसऱ्याच राउंडला, म्हणजे लढाईच्या दुसऱ्याच फेरीत, त्याचे हिट पॉइंट संपवले. माझं एकच भाषण झालं होतं. मी न बोलता त्याला साठ पॉइंट वाढवून दिले. मग आणखी चाळीस. चौथ्या राउंडला तो ‘योग्य वेळी’ पडला, टाळ्या झाल्या, चहा आला. खाली चपला घालताना एकानं खिशातून कागद काढला. त्यानं प्रत्येक वाराचा आकडा लिहून बेरीज केली होती. ‘किती होते रे त्याचे?’ एवढंच विचारलं. मी म्हणालो, ‘२४०.’ तो म्हणाला, ‘बरं.’ त्यानं तीन सेशन्स एक मंत्र राखून ठेवला होता, नेमका त्या राजासाठी, आणि दुसऱ्या राउंडला त्यानंच राजाला संपवलं होतं. त्याचा तो क्षण मी माझ्या दोन भाषणांसाठी खाऊन टाकला. तो पुढच्या कॅम्पेनला आला नाही. कारण त्यानं परीक्षेचं सांगितलं.

दुसऱ्या राउंडला राजा पडला असता तर काय झालं असतं? आठ महिन्यांचा शत्रू दोन घावांत गेला, हे पोरांनी जन्मभर सांगितलं असतं. आणि भाषणंच करायची होती तर लढाईच्या आधी करायची. मुकुट राजाच्या वारसाकडे गेला असता, किंवा त्याच्या मरणानं थडग्याचं छत कोसळायला लागलं असतं. शंभर वाटा होत्या. मी मात्र मला पाठ असलेल्या एकाच वाटेला चिकटून बसलो.

हा वाद आपल्या खेळापेक्षा बराच जुना आहे, म्हणून थोडा इतिहास. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं नकाशावर खेळायचा युद्धाचा खेळ वरिष्ठांना दाखवला. त्यात तक्ते होते, फासे होते, आणि दोन्ही बाजूंच्या मध्ये एक पंच. पुढे अधिकारी तक्ते चाळून चाळून कंटाळले. १८७६ मध्ये व्हेर्डी दु व्हेर्न्वा या सेनाधिकाऱ्यानं मांडलं की तक्ते बाजूला ठेवा, जाणत्या पंचानं निकाल द्यावा. नियम की निवाडा, हे भांडण तेव्हापासूनचं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स काढलं तेही अशाच युद्धखेळांच्या कुळातून, त्यामुळे भांडणही वारशात आलं. मला यात एक गोष्ट गमतीची वाटते. त्या प्रशियन पंचाच्या निवाड्यावर विसंबता येत होतं, कारण लढाई हा त्याचा पेशा होता. आपण कुणीच गॉब्लिन पाहिलेला नाही. आपल्या निवाड्याला फाशाचा टेकू लागतो तो म्हणूनच.

टेकू कधी घ्यायचा, हे खरं कौशल्य. माझी रीत अशी: फासा टाकायला सांगायच्या आधी मनात दोन वाक्यं तयार हवीत. जमलं तर काय होईल, आणि नाही जमलं तर काय होईल. दोन्ही वाक्यं मला सांगावीशी वाटली तरच फासा. दुसरं वाक्य ‘काही होत नाही’ असं निघालं तर फासा नको. कुलूप उघडायला वेळ आहे, मागावर कुणी नाही, चोराकडे हत्यारं आहेत, तर उघडलं म्हणून मोकळं व्हा. पहारेकऱ्याची पावलं वाजत असतील तर टाका, आणि चुकला तरी कुलूप उघडू द्या, फक्त कडी दगडी फरशीवर पडून खणकू द्या. तपासाच्या गोष्टीत तर हे फार सांभाळावं लागतं. खुनाचा एकच धागा ठेवलात आणि तो नेमका चुकलेल्या फाशामागे राहिला, की संध्याकाळ संपली. अशा खेळांवर लिहिणारे जस्टिन अलेक्झांडर यांचा तीन धाग्यांचा नियम आता बहुतेक डीएमना पाठ असतो: खेळाडूंनी काढावा असा प्रत्येक निष्कर्ष असेल त्याला किमान तीन धागे ठेवा.

किती वेळा टाकायला लावता, हेही मोजा. चार जण रात्री तटावरून आत शिरतायत. अवघडपणा, म्हणजे फाशानं गाठायचा आकडा, १५, प्रत्येकाच्या फाशात अधिक पाच, म्हणजे एकेकाची शक्यता ५५ टक्के. ‘सगळ्यांनी टाका, एक जरी चुकला तरी पकडले जाल’ म्हणालात तर चौघं सुटायची शक्यता ९ टक्के उरते. एकट्यालाच पायथ्याशी, तटावर आणि अंगणात असं तीनदा टाकायला लावलंत तर १७ टक्के. तुम्हाला वाटतं आपण ताण वाढवतोय, आणि खरं तर तुम्ही दार लावून घेतलेलं असतं. याच पुस्तकात गटाच्या तपासणीचा नियम आहे: निम्म्यांना जमलं की गटाला जमलं. तेच चौघं, तेच आकडे, शक्यता ७६ टक्के. हा निर्णय फासा पडायच्या आधीचा. गोष्ट कुठे वाकवायची ती इथे वाकवा, राजरोस, सगळ्यांदेखत.

वर्णनालाही इथेच भाव द्या. नुसतं ‘मी लपतो’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘घोड्याच्या पागेतलं गवत डोक्यावर घेऊन मोतद्दारासारखा चालत जातो’ म्हणणाऱ्याला ॲडव्हान्टेज द्या, ५५ चे ८० होतात. पण बुजरा खेळाडू आणि बोलका खेळाडू यांत फरक करू नका. गोड बोलणारा भाट खेळायला घेतलेली मुलगी स्वतः लाजरी असेल तर ती काय सांगणार आहे एवढंच विचारा. ते तिनं टेबलावर म्हणून दाखवायची सक्ती नको. फायटरला आपण कुठे घरातली तलवार फिरवून दाखवायला सांगतो?

आता तुमचा पुस्तक उघडणारा. त्याच्यावर वैतागू नका. अशी माणसं दोन जातींची असतात. एक, ज्याला जिंकायचं असतं. ती थोडी. दुसरी, ज्याला पायाखाली जमीन हवी असते. खेळाडूच्या हातात जगावर चालणारी एकच कळ असते, ती म्हणजे नियम. त्यानं एखादा मंत्र घेतला तो असा असा चालेल हे वाचून घेतला. मागच्या शनिवारी झुंबराला लोंबकळायला तुम्ही १२ म्हणालात आणि आज त्याच झुंबराला १८, तर तो पुस्तक उघडणारच. माझ्या बाबतीत दहापैकी सात वेळा असा माणूस बरोबर निघाला आहे. माझ्या गटातल्या अशाच एकाशी माझा तह झाला तो असा: नियम शोधायला एक मिनिट, मोबाइलवर घड्याळ लावून. सापडला तर त्याप्रमाणे. नाही सापडला तर माझा निर्णय, खेळ पुढे, आणि घरी जाऊन तो वाचून ग्रुपवर टाकेल, पुढच्या वेळी तसं. आता नियमांचं खातं त्याच्याकडेच आहे. मी विसरतो, त्याला विचारतो, तो खूश.

आमचा हा नियमवाला पेशानं सीए आहे, हे सांगायला हवं, कारण पुढच्या प्रसंगात त्याचं श्रेय आहे.

त्या डावातल्या किल्ल्याचा नकाशा मी राजगडाच्या संजीवनी माचीवरून उचलला होता, दुहेरी तट वगैरे. पुण्यातल्या पोरांबरोबर खेळताना हे एक लक्षात ठेवा: सगळे ट्रेक केलेले असतात, डंजनमध्ये शिरल्या शिरल्या ‘चोरदिंडी कुठेय?’ विचारतात, आणि नसली तर तुम्हालाच अडाणी ठरवतात. मी ठेवली होती, ती त्यांनी दुसऱ्याच तासाला शोधली, आणि शत्रूनं ती बाहेरून बुजवली होती. माचीच्या टोकाला पाच जण आणि त्यांनी सोडवलेलं गुराख्याचं पोर. मागे मशाली. खाली ३०० फुटांचा कडा. एवढ्या उंचीवरून पडलं की सहा बाजूंचे वीस फासे, सरासरी ७० हिट पॉइंट. त्यांच्यातल्या सगळ्यात दणकट माणसाचे होते ३६.

जादूगाराकडे फेदर फॉल, म्हणजे पडणाऱ्यांना हळू उतरवणारा मंत्र, होता. सगळ्यांनी एकदम उडी मारायची, तो हवेत मंत्र म्हणणार, पिसासारखे उतरणार. सगळे उठून उभेसुद्धा राहिले. मग सीए म्हणाला, ‘पाच.’ आम्ही विचारलं काय पाच. ‘मंत्र पाच जणांना लागतो. आपण सहा आहोत.’

मी ‘जाऊ दे रे, सहावं धर’ म्हणू शकलो असतो. पोरगं लहान आहे, गोष्ट छान चालली आहे. टेबलावर दोघं माझ्याकडे त्याच आशेनं बघत होते. मी गप्प राहिलो. मिनिटभर खरंच कुणी बोललं नाही, स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली ती सगळ्यांनी ऐकली. एकजण म्हणाली, मी थांबते. दुसरा म्हणाला, वेडी आहेस का. मग सीएनंच विचारलं, पोराला कुणी पाठीवर बांधलं तर? मंत्र लागलेला माणूस हळू उतरणार, त्याच्या पाठीवरचं ओझंही त्याच्याबरोबर उतरणार, फक्त ओझं पेलायला हवं. मला ते पटलं, म्हटलं चालेल, वजन दाखव.

आणि तो वजन मोजायला लागला. फायटरची ताकद १६, गुणिले १५, म्हणजे २४० पाऊंड पेलणार. साखळीचं चिलखत ५५. ढाल ६. तलवार ३. पाठीवरचं सामान ५९. आणि चांदीची पाच हजार नाणी. पन्नास नाण्यांना एक पाऊंड, म्हणजे १००. बेरीज २२३. पोरगं मी ६० पाऊंडांचं धरलं. ‘४३ जास्त होतायत.’ कुणीतरी म्हणालं चिलखत काढ. जड चिलखत उतरवायला पाच मिनिटं लागतात, आणि मशाली तीन राउंडांवर होत्या, म्हणजे अठरा सेकंद. आता सगळे फायटरकडे बघायला लागले. ती नाणी त्यानं तीन सेशन्स जिवावर उदार होऊन जमवली होती. त्यातून तो गावाची सावकाराकडे अडकलेली जमीन सोडवणार होता, ते त्याच्या शीटवर पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खोडरबर घेतलं आणि ती ओळ खोडली.

उडीला मी फासा टाकायला लावला नाही. किंमत त्यानं मोजली होती.

पुढचे चार महिने कॅम्पेन त्या जमिनीभोवती फिरलं. मी ठरवून असा प्रसंग लिहिला असता तर कुणाला खरा वाटला नसता. नियमात ‘पाच’ लिहिलं होतं म्हणून तो झाला, आणि नियम वाचणारा टेबलावर होता म्हणून झाला.

यात एक गोष्ट आधी ठरलेली होती, नाहीतर हा सगळा खटाटोप खडूसपणा ठरला असता. ते कॅम्पेन लुटीचं होतं, म्हणून पहिल्या बैठकीतच ठरलं होतं की ओझं मोजायचं. एरवी मी ओझ्याचा नियम काढूनच टाकतो, राजदरबाराच्या गोष्टीत कुणाच्या पाठीवर किती पाऊंड याच्याशी कुणाला देणंघेणं? भुयारातल्या भीतीच्या गोष्टीत मात्र मशाली मोजतो, एक मशाल एक तास. तुम्ही जे मोजता त्याचीच गोष्ट होते. तेव्हा ‘नियम किती’ हा प्रश्न घेऊन अडू नका, कुठले ते विचारा, आणि ते सगळ्यांसमोर, आधी. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये एक टप्पा आऊट, खालच्या काकूंच्या गॅलरीत गेला तर आऊट आणि बॉल आणायला मारणारा जाणार, हे नियम कुठल्या पुस्तकात नव्हते, पण बॅटिंग सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना पाठ असायचे. भांडण व्हायचं ते बॉल हवेत असताना कुणी नवा नियम काढला की.

आमच्या घरचे नियम पुणेरी पाटीच्या भाषेत एका पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावले आहेत. ‘फासा टेबलाखाली गेल्यास पुन्हा टाकावा, वाकून बघू नये.’ ‘मेलेल्या पात्राने सल्ला देऊ नये.’ ‘डीएमचा निर्णय अंतिम आहे, चहा येईपर्यंत.’ विनोद असला तरी उपयोग होतो.

कधी कधी उलटंही करावं लागतं, गोष्टीतून नियम काढावा लागतो. आम्ही एकदा कोकणातल्या जंगलात चकवा ठेवला. पुस्तकात असलं काही नाही, तेव्हा पहिल्या वेळी मी रस्ता शोधायची साधी तपासणी लावली, अवघडपणा १५. रेंजरला, म्हणजे रानवाटा जाणणाऱ्या पात्राला, १९ पडले आणि चकवा तीस सेकंदांत संपला. कुणाच्या अंगावर काटा काय येणार? पुढच्या गटाबरोबर मी आजीकडून ऐकलेलं होतं तसंच केलं. चकव्यात सापडलेला माणूस चालतच राहतो आणि फिरून त्याच झाडाशी येतो. तर नियम असा: जितकं चालाल तितका थकवा, आणि रस्ता शोधायला कुठलाच फासा नाही. थांबून बसलात की उजाडतं. तीन वेळा त्याच वडाशी आल्यावर एकजण हळूच म्हणाली, ‘आपण बसू या का?’ फासे टेबलावर तसेच पडून होते.

तुमच्या गटातल्या दोघांना ‘फक्त गोष्ट हवी’ असं तुम्ही लिहिलंय. त्यांना एखादा वेगळा खेळ दाखवून बघा. व्हिन्सेंट बेकर यांच्या २०१० च्या अपोकॅलिप्स वर्ल्ड या खेळापासून अशा खेळांचं एक घराणंच निघालं आहे, सहा बाजूंचे दोन फासे, बेरीज १० किंवा वर आली तर जमलं, ७ ते ९ आली तर जमलं पण काहीतरी मोजावं लागेल, ६ किंवा खाली आली तर डीएम अडचण आणतो. काही अधिक-उणं नसेल तर मधला निकाल पंधरा छत्तीसांश वेळा येतो, म्हणजे दर पाचांत दोनदा गोष्टीला आपोआप वळण. पण तिथे नियम कमी आहेत असं समजू नका. तिथले नियम गोष्टीच्या वळणांचे आहेत, आणि तेही तितकेच काटेकोर पाळावे लागतात. तो खेळ चालवून परत आलात की तुमच्या गॉब्लिनचे निकालही आपसूक तसे द्यायला लागाल.

पात्रं म्हणून नकाशावर ठेवायच्या बाहुल्या महाग असतात, त्यावर खर्च करू नका, तुम्ही विचारलंच आहे म्हणून सांगतो. आम्ही दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे वापरतो. आमचा बुटका गेली तीन वर्षं डोक्यावर घागर घेतलेली गवळण आहे.

राहिली तुमची मैत्रीण. शनिवारच्या आधी तिला फोन करा, मेसेज नको. ‘त्या दिवशी १७ होता, मी हुकला म्हणालो. पुन्हा नाही करणार.’ एवढंच. कारणं देऊ नका, ‘तुझ्यासाठीच केलं’ तर मुळीच म्हणू नका. ती म्हणेल की पात्र मेलं असं धरू या, किंवा म्हणेल की राहू दे. काहीही म्हणाली तरी तसं करा. राहू दे म्हणाली तर त्या गॉब्लिनला पुढे कधीतरी परत आणा, तिच्या वहीतली दोन पानं त्याच्याकडे असू द्या.

आणि पडदा घरी ठेवा. नकाशा झाकायला जुन्या फाइलचा पुठ्ठा पुरतो. पहिला फासा टेबलाच्या मधोमध टाका, तिच्या समोर.